जंतूची ओळख त्याच्याच अक्षरांतून

तीन आठवड्यांचा खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, अंगावर सैल होऊ लागलेले कपडे. डॉक्टर थुंकी तपासायला सांगतात आणि रिपोर्ट येतो : 'जंतू आढळले नाहीत.' घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, तेवढ्यात डॉक्टर म्हणतात, "आता सीबीनॅट करून घ्या." मग साहजिकच विचारले जाते, "एकदा नाही म्हणून आले, मग परत कशाला? आणि सूक्ष्मदर्शकातून जे दिसले नाही, ते या तपासणीत कसे दिसणार?"

प्रश्न रास्त आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे आपल्याकडे तो कोणत्याही घरात विचारला जाऊ शकतो. म्हणून या प्रकरणात आपण मुख्यतः क्षयरोगाचा, म्हणजे टीबीचा, धागा धरून जाऊ. गाभ्याची गोष्ट आधीच सांगून ठेवतो. जनुकीय चाचणी समोरच्या नमुन्याला एकच प्रश्न विचारते : 'ही ठरावीक अक्षरे इथे आहेत का?' तिची सगळी ताकद या प्रश्नात आहे आणि तिच्या सगळ्या मर्यादाही त्यातच आहेत.

१. दिसण्यासाठी किती जंतू लागतात?

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे निदानाची मुख्य पद्धत एकच राहिली. छातीतून खोकून काढलेला बेडका काचपट्टीवर पसरायचा, रंग द्यायचा आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात का ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. ही तपासणी स्वस्त आहे, तासाभरात होते आणि तिने असंख्य रुग्णांचे निदान केले आहे.

अडचण संख्येची आहे. काचपट्टीवर जंतू सापडायचा, तर एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५,००० ते १०,००० जंतू असावे लागतात. एखाद्याच्या बेडक्यात मिलिलिटरमागे हजारच असतील, तर तो आजारी असतो, घरच्यांना लागण करू शकतो, पण त्याचा रिपोर्ट 'आढळले नाहीत' असाच येण्याची शक्यता मोठी. लहान मुले आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती यांच्या बेडक्यात जंतू बहुधा कमीच असतात. म्हणजे ज्यांना निदानाची घाई सर्वांत जास्त, त्यांच्याच बाबतीत ही तपासणी उणी पडते.

दुसरी पद्धत कल्चरची, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवण्याची. तिला मिलिलिटरमागे १० ते १०० जिवंत जंतूही पुरतात, म्हणून ती आजही सर्वांत भरवशाची मानली जाते. पण हा जंतू फार सावकाश वाढतो. आपल्या आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. घन माध्यमावर त्याची वाढ दिसायला तीन ते आठ आठवडे जातात. द्रव माध्यमात हा काळ कमी होतो, तरी आठवडे लागतातच. तोवर रुग्ण घरात खोकत असतो.

तेव्हा हवी होती अशी तपासणी, जी थोडेच जंतू असले तरी ओळखेल आणि ते वाढण्याची वाट पाहणार नाही.

२. चार अक्षरांची पोथी

प्रत्येक जंतूच्या पेशीत त्याची सारी घडण लिहिलेली असते. हे लिखाण डीएनए नावाच्या लांबलचक रेणूत असते आणि त्याची अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. क्षयाच्या जंतूचे हे संपूर्ण लिखाण १९९८ मध्ये ब्रिटनमधील सँगर संस्था आणि पॅरिसची पाश्चर संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी वाचून प्रसिद्ध केले. ते सुमारे ४४ लाख अक्षरांचे आहे आणि त्यात जवळपास ४,००० जनुके आहेत. जनुक म्हणजे त्या लिखाणातला असा एक भाग, ज्यावरून पेशी एखादा विशिष्ट पदार्थ, बहुधा प्रथिन, तयार करते.

या लिखाणाला आपण पोथी म्हणू. ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्या माणसाच्या कानावर तिच्यातली एकच ओवी पडली, तरी तो ग्रंथ ओळखतो. त्यासाठी त्याला सगळे अध्याय ऐकावे लागत नाहीत. जनुकीय चाचणीही असेच करते. जंतूच्या पोथीतली अशी एक ओवी निवडायची, जी दुसऱ्या कोणत्याही पोथीत नाही, आणि ती नमुन्यात शोधायची.

अशी ओवी किती लांब हवी? चार अक्षरांतून वीस अक्षरांच्या ओळी जुळवायच्या ठरवल्या, तर सुमारे १ लाख १० हजार कोटी वेगवेगळ्या ओळी तयार होतात. माणसाचा डीएनए साधारण ३०० कोटी अक्षरांचा आहे. तेव्हा नीट निवडलेली वीस अक्षरांची ओळ योगायोगाने दुसरीकडे सापडण्याची शक्यता फार कमी. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ याहून काटेकोर राहतात. ते जवळजवळच्या दोन ओळी घेतात, मधला मजकूरही तपासतात आणि माणसाच्या व इतर जंतूंच्या ज्ञात पोथ्यांशी सगळे ताडून पाहतात.

३. एका ओवीच्या कोट्यवधी नकला

ओवी ठरली, पण नमुन्यात जंतू मोजकेच. त्यांच्या पोथीतली एक ओवी कोणत्याही यंत्राला थेट दिसणे कठीण. यावरचा तोडगा १९८३ मध्ये अमेरिकेत कॅरी म्युलिस यांना सुचला, आणि त्यासाठी १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. तोडगा असा : दिसेल इतक्या नकला करायच्या. हीच पीसीआर पद्धत.

डीएनएचे दोन धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांची अक्षरे ठरलेल्या जोडीने समोरासमोर बसतात; ए समोर टी, जी समोर सी. म्हणून एक धागा हाती असला की दुसरा पुन्हा घडवता येतो. पीसीआरची एक फेरी तीन टप्प्यांची असते. नमुना सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की दोन्ही धागे सुटे होतात. तो ५५-६० अंशांवर आणला की आपण बनवून टाकलेले वीसेक अक्षरांचे छोटे तुकडे ओवीच्या दोन टोकांना जाऊन चिकटतात. त्यांना प्रायमर म्हणतात. मग ७२ अंशांच्या आसपास एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्या तुकड्यांपासून सुरुवात करून एकेक अक्षर जोडत धागा पुरा करते. प्रायमरला जोडीची अक्षरे मिळाली नाहीत, तर नक्कल सुरूच होत नाही. नेमकी आपलीच ओवी वाढते ती यामुळे.

९५ अंशांना बहुतेक एन्झाइमे निकामी होतात. इथे कामी आले ते अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या गरम झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूचे एन्झाइम. थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात या जीवाणूचा शोध लावला, तेव्हा त्यांना पाहायचे होते की इतक्या उष्णतेत कोणी जगते तरी का. त्या निखळ कुतूहलावर आज जगभरची निदानाची यंत्रे चालतात.

आता हिशेब करून पाहू. सुरुवातीला ओवीची एकच प्रत आहे आणि दर फेरीला प्रती दुप्पट होतात. १० फेऱ्यांनी १,०२४ प्रती, २० फेऱ्यांनी १० लाखांहून अधिक, ३० फेऱ्यांनी सुमारे १०७ कोटी. एक फेरी मिनिटा-दोन मिनिटांत होते. ज्या जंतूला एकाचे दोन व्हायला दिवस लागतो, त्याच्या एका ओवीच्या शंभर कोटी प्रती तासाभरात हाती येतात. जंतूने वाढायची वाटच पाहावी लागत नाही.

४. सीबीनॅट आणि ट्रूनॅट

पूर्वी पीसीआरला तीन वेगळ्या खोल्या, कसलेले तंत्रज्ञ आणि कमालीची स्वच्छता लागे. कारण उघड आहे. टेबलावर उडालेल्या एका थेंबात आधीच्या रुग्णाच्या ओवीच्या लाखो प्रती असतात. त्या पुढच्या नळीत गेल्या, तर निरोगी माणूस रुग्ण ठरेल.

सीबीनॅट यंत्राने हे सगळे एका बंद कार्ट्रिजमध्ये आणले. बेडका पातळ करून कार्ट्रिजमध्ये भरला की जंतू फोडणे, डीएनए वेगळा करणे, नकला करणे आणि त्या मोजणे ही कामे आतल्या आत होतात. दोन तासांच्या आत निकाल मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये ही पद्धत स्वीकारली. तिला मिलिलिटरमागे सुमारे १३० जंतू पुरतात आणि नंतरच्या 'अल्ट्रा' कार्ट्रिजला तर सुमारे १६. ५,००० ते १०,००० आणि १६. पहिल्या रिपोर्टनंतरही डॉक्टर दुसरी तपासणी का सांगतात, याचे उत्तर या दोन आकड्यांच्या अंतरात आहे.

मात्र या यंत्राला सलग वीज आणि बेताचे तापमान लागते. भारतातल्या अनेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन्हींची खात्री नसते. गोव्यातल्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही चाचणी याच गरजेतून घडली. यंत्र लहान, बॅटरीवर चालणारे आणि तपासणी एका छोट्या चिपवर. साधारण तासाभरात जंतू आहे की नाही ते कळते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिचीही शिफारस केली. रुग्णाला यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्र रुग्णाच्या गावाजवळ नेता येणे, हे या चाचणीचे मोठे योगदान आहे.

नकला झाल्या हे यंत्राला कळते प्रकाशावरून. ओवीला चिकटल्यावरच चमकणारे रंगीत रेणू आत असतात. कितव्या फेरीला चमक दिसली, ते यंत्र नोंदवते आणि त्यावरून जंतू किती होते याचा अंदाज येतो. एका नमुन्यात २० व्या फेरीला चमक दिसली आणि दुसऱ्यात ३० व्या, तर दुसऱ्याला दहा वेळा जास्त दुप्पट व्हावे लागले. म्हणजे पहिल्यात जंतू सुमारे हजारपट होते. कोविडच्या काळात रिपोर्टवरची 'सीटी व्हॅल्यू' घरोघर बोलली जात होती, ती हीच फेरीची संख्या. ती जितकी लहान, तितके विषाणू अधिक.

ओवी निवडण्यात एक धोका आहे. क्षयाच्या जंतूत आयएस६११० नावाचा एक मजकूर असतो. अनेक वाणांत तो पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे तो सापडणे सोपे. पण दक्षिण भारतात आढळणाऱ्या काही वाणांत तो एकदाच असतो किंवा मुळीच नसतो. चाचणी केवळ त्याच्यावर विसंबली, तर असे रुग्ण निसटतील. म्हणून नव्या चाचण्या एकाहून अधिक ओव्या शोधतात. परदेशात घडवलेली चाचणी आपल्या रुग्णांवर पडताळून घेणे का आवश्यक असते, ते यावरून समजावे.

५. एक अक्षर बदलते तेव्हा

जंतू सापडला, पण त्याला औषध लागू पडेल का? टीबीच्या उपचारात रिफॅम्पिसिन हे कण्याचे औषध आहे. जंतूचे एक एन्झाइम त्याच्या पोथीतला मजकूर उतरवून घेण्याचे काम करते. रिफॅम्पिसिन त्याला चिकटून ते काम थांबवते. या एन्झाइमचा औषध चिकटण्याचा भाग आरपीओबी या जनुकात लिहिलेला आहे. त्यात ८१ अक्षरांचा एक टापू आहे, आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांमध्ये बदल याच टापूत असतो.

सर्वांत जास्त आढळणारा बदल पाहा. मूळ पोथीत एके ठिकाणी 'टीसीजी' ही तीन अक्षरे असतात. मधल्या 'सी'च्या जागी 'टी' आला की 'टीटीजी' होते. ४४ लाखांतले एक अक्षर बदलले, त्यामुळे प्रथिनातला एक घटक बदलला आणि औषधाला चिकटायची जागाच उरली नाही.

सीबीनॅटच्या मूळ कार्ट्रिजमध्ये हा टापू पाच तुकड्यांत वाटून पाच रंगांचे शोधक रेणू ठेवलेले असतात. मूळ मजकूर शाबूत असेल, तर पाचही चमकतात. एखाद्या तुकड्यात अक्षर बदलले असेल, तर त्याचा रंग उमटत नाही किंवा फार उशिरा उमटतो. म्हणून जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही, ही दोन्ही उत्तरे एकाच तपासणीत मिळतात.

दुसरे मुख्य औषध आयसोनियाझिड. त्याला न जुमानणारे जंतू बहुधा केएटीजी आणि आयएनएचए या जनुकांशी संबंधित बदलांनी ओळखता येतात. त्यासाठी 'लाइन प्रोब ॲसे' ही चाचणी केली जाते. तिच्यात पट्टीवर उमटणाऱ्या रेघांवरून बदल वाचतात. रिपोर्टवर 'रिफॅम्पिसिनला प्रतिसाद देणारा' असे आले, तरी सगळी औषधे चालतील असा त्याचा अर्थ होत नाही.

हे किती गंभीर आहे, ते मुंबईने पाहिले आहे. डिसेंबर २०११ मध्ये हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या पहिल्या आणि दुसऱ्या फळीतल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. चुकीची किंवा अपुरी औषधे घेत गेलेला प्रत्येक महिना जंतूला अशी वाट मोकळी करून देतो. औषध सुरू करण्याआधीच प्रतिरोध तपासण्याचा आग्रह म्हणूनच धरायला हवा.

६. टीबीपलीकडे

कोविड, डेंगी, झिका यांच्या विषाणूंची पोथी डीएनएत नसून आरएनए या नातलग रेणूत असते. पीसीआर आरएनएच्या नकला करू शकत नाही. म्हणून आधी एक एन्झाइम वापरून आरएनएवरून डीएनए तयार करतात आणि मग नेहमीच्या फेऱ्या सुरू होतात. आरटी-पीसीआरमधला 'आरटी' हा या पहिल्या पायरीसाठी आहे.

नव्या रोगात या पद्धतीचा वेग दिसतो. चीनमधील शास्त्रज्ञांनी नव्या करोना विषाणूची अक्षरे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केली, आणि काही दिवसांतच जगभर चाचण्या तयार होऊ लागल्या. त्याच महिन्याच्या ३० तारखेला केरळमधील भारताच्या पहिल्या रुग्णाचे निदान पक्के झाले, ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीतून. विषाणू हाती नसतानाही केवळ त्याची अक्षरे कळली, तर चाचणी घडवता येते.

डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही आजार एडिस डासामुळे पसरतात आणि त्यांची लक्षणेही मिळतीजुळती असतात. रक्तातल्या प्रतिपिंडांवर, म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांवर, आधारलेल्या तपासणीत डेंगी आणि झिका यांची गल्लत होऊ शकते. अक्षरांवरून मात्र ते वेगळे ओळखता येतात. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातील पहिला झिकारुग्ण उघडकीस आला, तो अशाच तपासण्यांमुळे.

एचआयव्हीबाधित आईच्या बाळाबाबत तर दुसरा मार्गच नसतो. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात अठरा महिन्यांपर्यंत राहू शकतात, त्यामुळे नेहमीची रक्ततपासणी बाळाला लागण नसतानाही 'आहे' म्हणू शकते. विषाणूची अक्षरे थेट शोधणारी तपासणी सहा आठवड्यांच्या बाळावर करता येते. टाचेतून घेतलेले, कागदावर सुकवलेले रक्ताचे थेंब तिला पुरतात. लागण झालेल्या बाळावर उपचार लवकर सुरू झाले, तर त्याचा जीव वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते.

७. 'आहे' आणि 'नाही' कसे वाचावे?

सुरुवातीचा प्रश्न आता पुन्हा हाती घेऊ : ही अक्षरे या नमुन्यात आहेत का? यातला 'या नमुन्यात' हा भाग विसरू नये. बेडक्याऐवजी तोंडातली लाळ दिली, तर छातीत जंतू असूनही उत्तर 'नाही' येईल. फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की तिथे ही चाचणी बऱ्याचदा चुकते. म्हणून लक्षणे कायम असतील, तर एका 'नाही'वर थांबू नये.

'आहे'चा अर्थही नेमका लावायला हवा. पोथीचे पान सापडले, यावरून ती पोथी बाळगणारा जिवंत आहे असे सिद्ध होत नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनए शरीरात काही काळ रेंगाळतो. म्हणून औषधे लागू पडत आहेत का, हे पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि कल्चर हेच योग्य. पूर्वी टीबी होऊन गेलेल्याच्या रिपोर्टवर अगदी पुसट 'आहे' आले, तर तो जुनाच अंश असू शकतो. जुना आजार डॉक्टरांना आवर्जून सांगावा तो यासाठी.

चाचणी कोणावर केली, याचाही निकालाच्या अर्थावर परिणाम होतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. एक चाचणी १०० रुग्णांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोग्यांपैकी दोघांना चुकून रुग्ण ठरवते. दवाखान्यात खोकला आणि वजन घटलेले १,००० जण आले आणि त्यांतल्या ३०० जणांना खरोखर टीबी आहे. चाचणी २७० जणांना ओळखेल आणि ७०० निरोग्यांतल्या १४ जणांना चुकीचे 'आहे' म्हणेल. २८४ पैकी २७० बरोबर. आता तीच चाचणी लक्षणे नसलेल्या १,००० जणांवर केली, ज्यांत खरे रुग्ण १० च आहेत. ती ९ जण ओळखेल, पण ९९० निरोग्यांतले सुमारे २० जण चुकीचे ठरतील. २९ पैकी ९ च बरोबर. यंत्र तेच, रसायने तीच. तरी 'आहे'चे वजन वेगळे. म्हणून निकाल नेहमी लक्षणे, एक्स-रे आणि डॉक्टरांची तपासणी यांच्या जोडीने वाचायचा.

८. सगळी पोथी वाचणे

आतापर्यंतच्या चाचण्यांत कोणती ओवी शोधायची, हे आधी ठरवावे लागते. ज्याची शंकाच आली नाही, तो जंतू त्यात सापडत नाही. यावर उपाय म्हणजे नमुन्यातला सगळाच मजकूर वाचणे. याला सिक्वेन्सिंग म्हणतात.

२०१४ मध्ये अमेरिकेतून एक हकीकत प्रसिद्ध झाली. प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या १४ वर्षांच्या एका मुलाला मेंदूज्वर झाला होता, आणि मेंदूचा तुकडा काढून तपासूनही कारण कळत नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. चार्ल्स चिऊ यांच्या गटाने त्याच्या मेंदूभोवतीच्या पाण्यातला सगळा मजकूर दोन दिवसांत वाचला. तीस लाखांहून अधिक तुकड्यांपैकी फक्त ४७५ तुकडे एका जंतूशी जुळले. तो लेप्टोस्पायरा होता. दर पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात जो धास्ती घालतो, त्याच कुळातला. पेनिसिलिन दिले आणि मुलगा बरा झाला.

टीबीतही संपूर्ण पोथी वाचली, तर अनेक औषधांविषयी एकदम कळते आणि दोन रुग्णांचे जंतू ताडून लागण कोठून कोठे गेली याचा माग काढता येतो. इंग्लंडने २०१७ पासून क्षयरुग्णांच्या जंतूंसाठी ही पद्धत नेहमीच्या तपासणीत आणली. खर्च, संगणकीय कौशल्य आणि पुरेसा डीएनए मिळवणे या तिच्या अडचणी आहेत. म्हणून आज तरी ती सीबीनॅट आणि ट्रूनॅटच्या पुढची पायरी आहे. त्यांची जागा तिने घेतलेली नाही.

९. रुग्णाने काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर सरकारी केंद्रात जनुकीय तपासणीविषयी विचारावे. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात ती मोफत आहे. खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका द्यावा, शक्यतो सकाळचा आणि उघड्या हवेत. टीबीची औषधे सुरू करण्याआधी नमुना द्यावा. रिपोर्टवर रिफॅम्पिसिनची ओळ पाहावी आणि ती समजली नाही तर संकोच न करता विचारावे.

यंत्रणेचेही एक कर्तव्य आहे. दोन तासांत छापला जाणारा निकाल आठवडाभर टेबलावर पडून राहिला, नमुना तालुक्याच्या गावी पोचायला चार दिवस लागले किंवा औषधांचा साठा संपलेला असला, तर विज्ञानाने वाचवलेला वेळ आपण पुन्हा गमावतो. जंतूची अक्षरे वाचायला माणूस शिकला आहे. त्या वाचनाचे चीज होते ते रुग्णाच्या हातात योग्य औषधाची पहिली गोळी पडते तेव्हा.